तुम्ही विचारलंत म्हणून : बाण कुणाच्या घराकडं जातो?

शिराळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते म्हटलं, की पाहुणे हमखास विचारतात, "तुमच्याकडं बिबटे, साप सगळंच. पोरांना प्राण्यांवर माया करायला कसं शिकवता हो बाई?" तुम्हीही तेच विचारलंत.

माया मी शिकवतच नाही. ती आमच्या पोरांकडं आहे. बेंदराला बैलाच्या तोंडात पुरणपोळी गेल्याशिवाय ती जेवत नाहीत. मी शिकवते ते एवढंच, की 'हे कशामुळं झालं?' असं विचारत मागं मागं जायचं.

चौथीतल्या एका मुलीचं करडू बिबट्यानं नेलं. दुसऱ्या दिवशी वर्गात तिचे हुंदके आणि बाकीच्यांचा एकच गिल्ला, "मारायला पायजे त्याला!" मी फरशीवर खडूनं 'बिबट्या' लिहिलं. वस्तीवर कशाला आला तो? "कुत्र्यांसाठी." कुत्री कशाला जमली? "वड्याला कोंबडीची आतडी टाकत्यात." प्रत्येक उत्तराला एक बाण. मग मी विचारलं, कोण टाकतं? सगळे गप्प. एक मुलगा उठला, खडू हातात धरून बराच वेळ उभा राहिला आणि त्यानं शेवटचा बाण स्वतःच्या घराकडं काढला. त्याच्या वडलांचं चिकन सेंटर आहे. त्याला मी जवळ घेतलं. तेवढा खरेपणा मोठ्यांना जमत नाही.

दुसरा बाण उसाकडं गेला. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. गारवा, आडोसा, जवळ पाणी. बिबट्याची मादी त्यात पिल्लं घालते आणि तोड आली की तिचं घर मोडतं. फडात पिल्लं सापडली तर उचलून घरी आणायची नाहीत, वनखात्याला कळवायचं. ते पिल्लं त्याच जागी ठेवतात आणि बहुतेक वेळा आई रात्री येऊन घेऊन जाते. हे मी पोरांकडून घोकून घेते, कारण त्यांचे आईबाप त्याच फडात असतात. करडाचं दुःखही मी बोलून उडवून लावलं नाही. पंचनामा कसा होतो, भरपाई कशी मिळते, रात्री शेळ्या बंदिस्त गोठ्यात का घ्यायच्या, हे त्याच दिवशी शिकवलं.

आणि गिधाडं. आमच्या पोरांनी ती पाहिलेलीच नाहीत. "आजीला विचारून या," म्हटलं. मेलेलं जनावर माळावर टाकलं की गिधाडं बघता बघता हाडं मोकळी करायची, हे ऐकून पोरं थक्क होऊन आली. मग गेली कुठं? गाईबैलांचं दुखणं थांबवायला डायक्लोफिनॅक द्यायचे. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती.

"म्हंजे बाई, बैलाला बरं करायला गेलो म्हणून?" करडूवाली मुलगी म्हणाली.

हो, म्हटलं. आणि गिधाडांना न बाधणारं दुखण्यावरचं दुसरं औषध, मेलॉक्सिकॅम, त्याचं नाव फळ्यावर लिहिलं. पुढं तिच्या घरी गेले, तर गोठ्याच्या भिंतीवर, डॉक्टर बॅग ठेवतात तिथंच, कोळशानं वेड्यावाकड्या अक्षरांत तेच नाव होतं.