आमची वाटचाल : नेट मीटरच्या नियमांबरोबर

साताऱ्यात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून सुरू झालेला आमचा व्यवसाय 2016 मध्ये छपरावरील सौरसंचांकडे वळला, तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने आदल्या वर्षी नेट मीटरिंगचे, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात सोडलेली वीज बिलातून वजा करण्याचे, विनियम काढले म्हणून. पॅनेल बाजारात आधीही मिळत होती. परंतु वापरून उरलेल्या विजेची युनिट आपल्या बिलातून वजा होतील, हे लेखी मिळाल्याशिवाय कोणी छपरावर लाखांनी पैसे घालायला तयार होत नव्हते.

पहिल्याच कामाला मीटर जोडायला आलेल्या वायरमनदादांनी विचारले, "साहेब, लाइन बंद करून मी खांबावर चढलो आणि तुमच्या छपरावरून उलटी वीज आली, तर?" त्यांची भीती रास्त होती. आम्ही त्यांना इन्व्हर्टरसमोर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या यंत्रासमोर, नेले आणि मेन स्विच पाडला. जाळ्याची वीज गेली की हे यंत्र आपोआप थांबते. भर उन्हात पडद्यावरचा आकडा शून्यावर आला. दादांनी स्वतःच्या हाताने तीनदा स्विच पाडून पाहिला आणि मगच मीटरच्या पेटीला सील लावले. नवे तंत्र सरकारी व्यवस्थेत खऱ्या अर्थाने शिरते ते अशा पेटीसमोर, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

त्या विनियमांत एका डीपीवर, म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, तिच्या क्षमतेच्या 40 टक्क्यांपर्यंतच सौरजोडण्या देण्याची मर्यादा होती. 2019 मध्ये आयोगाने नवा मसुदा प्रसिद्ध केला, त्यात नेट मीटरिंगऐवजी जाळ्यात सोडलेल्या विजेचा वेगळा, कमी दराने हिशेब करण्याचा प्रस्ताव होता आणि तो तसाच मंजूर झाला असता, तर आमच्यासारख्यांचे दुकान बंद झाले असते. राज्यभरातून हरकती गेल्या. चार रात्री बसून ग्राहकांच्या बिलांची आकडेमोड मांडलेली आमचीही एक होती. डिसेंबरमध्ये आलेल्या अंतिम विनियमांत नेट मीटरिंग कायम राहिले आणि डीपीची मर्यादा 70 टक्के झाली. मसुदा आधी लोकांसमोर ठेवण्याच्या या पद्धतीचे मोल मला त्या वर्षी कळले.

कागदावरचा नियम कार्यालयात पोहोचायला मात्र वेळ लागतो. एका शिक्षक दांपत्याचा 3 किलोवॉटचा संच मीटरअभावी पाच महिने झाकून ठेवावा लागला, हप्ते मात्र सुरू होते, आणि त्यांच्या दारात जाताना मला अपराधी वाटे. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली, तिने 10 किलोवॉटपर्यंतच्या अर्जांसाठी जोडणी देता येईल का, हे पाहणाऱ्या तांत्रिक तपासणीची अट काढली. त्याच महिन्यात प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली, 3 किलोवॉटला 78,000 रुपयांचे अनुदान मिळू लागले आणि आमची माणसे चारांवरून अकरा झाली.

आता एकाच गल्लीत सात-आठ छपरे झाली की दुपारी व्होल्टेज चढते आणि इन्व्हर्टर आपोआप बंद पडतात. 5 किलोवॉटपर्यंतच्या संचांसाठी जाळे बळकट करण्याचा खर्च वितरण कंपनीने करावा, असे तीच दुरुस्ती सांगते. त्यासाठी गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही अशा गल्ल्यांतील बारा ते तीनच्या व्होल्टेजच्या नोंदी घेतो आणि दर महिन्याला कंपनीच्या उपविभागाच्या अभियंत्यांकडे देऊन पोच घेतो.