पुसट अंकांत पुन्हा रंग भरताना

बेळगावात शहापूरमधल्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना थोरल्या काकांचा झेनिट-ई कॅमेरा हाती लागला. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात तयार झालेला हा कॅमेरा काकांनी नात्यातल्या लग्नामुंजींत वर्षानुवर्षे वापरला होता. शटर अजून व्यवस्थित वाजत होते आणि हेलिओस ४४-२ या ५८ मिलिमीटरच्या लेन्सची काचही स्वच्छ होती. मात्र अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधून किती प्रकाश आत येईल हे ठरवणाऱ्या छिद्राच्या, रिंगवरील ५.६ मधला ठिपका नाहीसा होऊन तिथे ५६ दिसत होते, ११ च्या दोन उभ्या रेघांपैकी एकच उरली होती आणि अंतराचे आकडे चष्मा लावूनही वाचता येत नव्हते. ज्या कॅमेऱ्यात छायाचित्रकाराला सगळे स्वतःच ठरवावे लागते, त्याचे आकडे वाचता आले नाहीत, तर तो चालू असूनही वापराबाहेरच राहतो. म्हणून त्या आकड्यांत पुन्हा रंग भरण्याचे काम मी हाती घेतले.

सर्वप्रथम अक्षरे कोरलेली आहेत की नुसती छापलेली, हे पाहावे लागते. नख आकड्यावरून आडवे ओढले आणि ते खाचेत किंचित अडखळले, तर काम होण्यासारखे आहे. नंतरच्या काळातील अनेक प्लॅस्टिकच्या कॅमेऱ्यांवरील अक्षरे वरवर छापलेली असतात आणि ती एकदा गेली की रंग धरायला तिथे काहीच उरत नाही. आमच्या आजीच्या पितळी डब्यांवर कोरलेली नावे पन्नास वर्षे चिंचेने घासूनही वाचता येतात, त्याचे कारण हेच की नाव धातूच्या आत असते. झेनिटचेही तसेच होते. नख प्रत्येक आकड्यावर अडखळले आणि मला धीर आला.

स्वच्छतेला दोन संध्याकाळी लागल्या आणि खरे काम तेवढेच होते, असे मी आज म्हणेन. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, ती जवळजवळ कोरडी होईपर्यंत पिळून, एकेका आकड्यावर फिरवली आणि खाचेतला मळ दात कोरायच्या लाकडी काडीने उकरला. सुई वापरण्याचा मोह होतो, पण तिचा एक ओरखडा काळ्या थराखालचे अ‍ॅल्युमिनियम उघडे पाडतो आणि ती पांढरी रेघ पुन्हा झाकता येत नाही. धुण्याच्या सोड्याचे पाणी तर अशा रिंगांजवळ आणूच नये, कारण अल्कलीने अ‍ॅल्युमिनियम आणि त्यावरचा थर दोन्ही खराब होतात. द्रव फार झाला, तर तो रिंगांच्या फटीतून आत उतरतो, तिथले ग्रीस पातळ करतो आणि ते अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर पसरते. म्हणून बाटली लेन्सपासून हातभर दूर ठेवून मी काडी तिथेच भिजवत होतो.

भिंगातून पाहताना ५.६ मधल्या ठिपक्याची खाच सापडली. ती खसखशीच्या दाण्याहूनही लहान होती आणि काळ्या मळाने काठोकाठ भरली होती. तो मळ टोकाने उचलला, तेव्हा त्याखाली कारखान्यात भरलेला पांढरा रंग जसाच्या तसा होता. २, २.८ आणि १६ यांनाही रंगाची गरज नव्हती. झिजले असे मी ज्यांना समजत होतो, त्यांतील जवळजवळ निम्मे आकडे केवळ मळलेले होते. सुरुवातीलाच रंगाचा डबा उघडला असता, तर मूळ रंगावर नवा थापला गेला असता आणि ती चूक मला फार लागली असती.

उरलेल्या आकड्यांसाठी पांढरा ऑइल पेंट आणला. पहिल्या प्रयत्नात रंग लावून लगेच फडक्याने पुसला, तर फडके खाचेत शिरले आणि आतला सगळा रंग घेऊन बाहेर आले. खडेबाजारात दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक वयस्कर पेंटर माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना लेन्स दाखवली. ते म्हणाले, "रंग भरणं सोपं असतंय बाळा, पुसणं अवघड. वर साय धरू दे, मग पूस." त्यांनी फडक्याऐवजी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा तुकडा दिला आणि त्याभोवती साधा कागद गुंडाळून, त्याला टर्पेंटाइनचा नुसता वास लागेल इतकाच स्पर्श करून, अक्षराच्या रेघेला आडवे पुसायला सांगितले. सपाट, ताठ कागद खाचेत उतरत नाही, त्यामुळे वरचा रंग निघतो आणि आतला राहतो.

जुलैचे दिवस होते आणि बेळगावच्या पावसाळ्यात ऑइल पेंट लवकर वाळत नाही. साय धरायलाच तासभर लागे आणि पूर्ण सुकायला तीन दिवस. सुकल्यावर रंग आकसून खाचेत खाली बसतो, म्हणून दुसरा हात द्यावा लागला. शुद्ध पांढरा रंग जुन्या आकड्यांशेजारी परका दिसत होता. त्यात काडीच्या टोकावर मावेल एवढा पिवळा मिसळला, तेव्हा ११ आणि १६ एकाच वयाचे दिसू लागले. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला चकचकीत धातूवर कोरलेल्या नावासाठी मात्र काळा मेणखडू पुरला. हेअर ड्रायरने धातू कोमट करून खडू घासला आणि वरचा थर त्याच जाड कागदाने काढला.

लेन्सच्या पुढच्या कडीवरील क्रमांकाला मी हात लावला नाही. सोव्हिएत काळातील बऱ्याच लेन्सच्या क्रमांकातील पहिले दोन अंक निर्मितीचे वर्ष सांगतात. आमच्या लेन्सवर ते ७६ आहेत आणि ते फिकट असले तरी वाचता येतात.

शटरच्या चकतीवरील १२५ हा आकडा, म्हणजे सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग, मात्र पूर्ण उठला नाही. त्याची खाचच इतकी उथळ झाली आहे की तिथे रंग ठरत नाही. उद्यमबागेतील एखाद्या कारखान्यातून ती खोल करून आणता येईल, असे एका मित्राने सुचवले, परंतु काका बहुतेक छायाचित्रे १२५ वरच काढत आणि ती झीज त्यांच्या बोटांची आहे. ब्याऐंशी वर्षांच्या काकांनी परवा चकती फिरवली, आकड्याकडे न पाहताच ती १२५ वर आणली आणि मग लेन्सवरचे ५.६ मोठ्याने वाचले.