निळा कुर्ता आणि चुकीचा सोडा

रामबागेतल्या एक काकू जुना कुर्ता घरीच रंगवून बादलीसकट माझ्याकडे आल्या. "दादा, रंग धरलाच नाही हो, सगळा पाण्यात गेला." हातात नेव्ही ब्लूचा विटलेला सुती कुर्ता, त्यावर ढगाळ डाग. रंग इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेला, कोल्ड रिअ‍ॅक्टिव्ह (न उकळता कोमट पाण्यात सुताशी जोडला जाणारा), म्हणजे सुतासाठी योग्यच. पुडी उघडून पाहिली, रंग ताजा होता. मग विचारलं, "सोडा कुठला टाकलात?"

"भजीत घालतो तोच."

तिथंच घोटाळा. हा रंग सुताशी जोडला जायला पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा क्षारीय आहे याचं माप) 10.5 ते 11 लागतो. खाण्याच्या सोड्यानं तो 8 च्या आसपासच राहतो. त्यामुळे रंग कापडावर नुसता टेकतो आणि धुताना निघून जातो. इथं धुण्याचा सोडाच हवा.

डागांचं कारण वेगळं होतं. कोरड्या कुर्त्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो मोत्यासारखा बसून राहिला. सॉफ्टनरचा थर! आधी गार पाण्यात सुटा रंग काढला, मग दर लिटरला 2 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडी साबण पावडर घालून अर्धा तास कडकडीत पाण्यात ठेवला. पुढच्या वेळी थेंब लगेच शोषला गेला. ही पायरी लोक हमखास गाळतात.

खरी अडचण खांद्यावर होती. वर्षानुवर्षं दोरीवर उन्हात टाकल्यानं तिथं फिका आडवा पट्टा पडला होता. जुन्याच छटेत रंगवला असता तर तो तसाच दिसला असता, कारण नवा रंग फिक्या भागावर आणि गडद भागावर सारखाच चढतो, फरक बुजवत नाही. म्हणून काकूंना एक छटा गडद घ्यायला लावली. शिलाईचा धागा काडीनं जाळून पाहिला तर टोकाला घट्ट मणी झाला, म्हणजे पॉलिस्टर. त्याला हा रंग लागणारच नव्हता, पण धागा मुळातच निळा असल्यानं निभावलं. पांढरा कुर्ता मरून करायचा असता तर शिवण उठून दिसली असती.

कोरडा कुर्ता 280 ग्रॅम भरला. पाणी 6 लिटर, रंग 11 ग्रॅम, मीठ 360 ग्रॅम, सोडा 90 ग्रॅम. बोअरिंगच्या जड पाण्यात रंगाच्या गुठळ्या होतात, म्हणून पाणी मऊ करणारं कॅलगॉन 6 ग्रॅम. भांडं स्टीलचं किंवा प्लास्टिकचं. अ‍ॅल्युमिनियमला सोडा खातो. रंग आधी थोड्या पाण्यात पेस्ट करून घ्यायचा, पावडर नाकात जाऊ द्यायची नाही.

भिजवलेला कुर्ता रंगाच्या कोमट पाण्यात 10 मिनिटं, मग मीठ तीन हप्त्यांत अर्ध्या तासात, प्रत्येक वेळी कुर्ता बाजूला काढून. मीठ रंगाला सुताकडे ढकलतं. एकदम ओतलं की तिथंच डाग. सोडा वेगळा विरघळवून, तोही कुर्ता बाहेर काढूनच. त्यानंतर 35-40 अंशांवर तासभर, सारखा हलवत. सोडा पडल्यावर उरलेलं रंगाचं पाणी उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही, कारण रंग पाण्याशीच जोडला जाऊन बाद होतो.

धुणं सगळ्यात वेळखाऊ. आधी गार पाण्यानं मीठ पूर्ण जाईपर्यंत, कारण मीठ असेतो सुटा रंग कापडाला चिकटून राहतो. मग उकळत्या साबणपाण्यात 10 मिनिटं, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा. तिसऱ्या पाण्याला स्वच्छ आलं.

पट्टा आता उजेडासमोर धरला तरच दिसतो. काकूंनी जाताना माहेश्वरी ओढणीचं विचारलं. तिचा ताणा (उभे धागे) रेशमी, बाणा (आडवे धागे) सुती. तिथं हीच कृती नको, सोडा रेशमाला सोसत नाही. ती वेगळी आणा म्हटलं.