पाणावलेले, तरीही कोरडे डोळे

दुपारी संगणकासमोर डोळ्यांतून पाणी वाहू लागले की मी ते रुमालाने टिपत असे. हे कोरडेपणाचे लक्षण आहे, असे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले तेव्हा मला ती थट्टाच वाटली. पापण्यांच्या कडांतील ग्रंथींतून पाझरणारा तेलकट थर अश्रूंची वाफ होण्यापासून रोखतो. तो विरळ झाला की डोळे चुरचुरतात आणि त्या चुरचुरीपायीच पाण्याचा लोंढा येतो. त्यातच, एरवी मिनिटाला सुमारे १५ वेळा लवणारी पापणी पडद्याकडे एकटक पाहताना बरीच कमी लवते. आता मी एसीचा झोत चेहऱ्यावर येऊ देत नाही आणि रात्री सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळलेला रुमाल मिटल्या डोळ्यांवर १० मिनिटे ठेवते, निवला की पुन्हा बुडवून. लाली घालवणारे थेंब मात्र मी केव्हाच टाकून दिले.