कॅस-९ आधी नको, आधी जीएफपी

सातारा-सांगलीकडे एमएस्सीच्या प्रकल्पाला क्रिस्पर, म्हणजे जनुक संपादनाचं तंत्र, घेतलं की सगळा जोर गाइड आरएनएच्या (कापायची जागा दाखवणाऱ्या रेणूच्या) डिझाइनवर असतो. घोडं अडतं ते पुढे, गाइड आणि कॅस-९ चा (डीएनए कापणाऱ्या प्रथिनाचा) एमआरएनए पेशीत पोचवताना. त्यासाठी लिपिड नॅनोकण, म्हणजे एलएनपी, हाताने बनवता येतात. मात्र महागडा कॅस-९ एमआरएनए पहिल्याच फेरीत घालू नका. आधी जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या एमआरएनएवर हात बसवा. २४ तासांत पेशी हिरव्या झाल्या तर कण ठीक आहेत. मग संपादन झालं नाही तर गाइड तपासायचा.

लिपिडं चार: आयनीभवनक्षम लिपिड, डीएसपीसी, कोलेस्टेरॉल आणि पेग-लिपिड. मोल प्रमाण ५०:१०:३८.५:१.५. २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या पॅटिसिरॅन या औषधाचं सूत्र हेच. लिपिडातला नायट्रोजन आणि आरएनएतला फॉस्फेट यांचं गुणोत्तर ६ धरलं, तर १०० मायक्रोग्रॅम आरएनएला एमसी३ (आयनीभवनक्षम लिपिड) साधारण १.१७ मिलिग्रॅम, डीएसपीसी ०.२९, कोलेस्टेरॉल ०.५४ आणि डीएमजी-पेग २००० (पेग-लिपिड) हे ०.१४ मिलिग्रॅम लागतं. हे सगळं ०.३ मिली इथेनॉलमध्ये. आरएनए ०.९ मिली सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४. या पीएचला लिपिडावर धनभार येतो आणि ते आरएनएला धरतं. पीएच चुकला की पकडच बसत नाही.

साताऱ्यातल्या थंडीच्या सकाळी डीएसपीसी आणि कोलेस्टेरॉल इथेनॉलमधून खाली बसतात. द्रावण ३७ अंशांवर ठेवून काचेसारखं स्वच्छ झाल्यावरच वापरा. सांगलीच्या एप्रिलात उलटा त्रास: झाकण उघडं राहिलं की इथेनॉल उडतं आणि सगळा हिशेब बिघडतो.

दोन्ही द्रावणं बारीक वाहिन्यांत मिसळणारी मायक्रोफ्लुइडिक चिप असेल तर एकूण प्रवाह मिनिटाला १२ मिली ठेवा, म्हणजे १.२ मिलीचं काम ६ सेकंदांत उरकतं. सुरुवातीचे आणि शेवटचे थेंब फेकून द्या, त्यात प्रमाण बिघडलेलं असतं. चिप नसेल तर पिपेटने इथेनॉल झटकन बफरमध्ये सोडून जोरात ढवळा. कण मोठे आणि असमान होतात, पण चाचणीपुरते चालतात. हळू ओतलं तर हमखास गुठळ्या. नंतर पीएच ७.४ च्या पीबीएस या क्षारयुक्त बफरसमोर ४ अंशांवर रात्रभर डायलिसिस, म्हणजे पडद्यातून इथेनॉल काढून टाकणं. इथेनॉल उरलं तर पेशी त्यानेच मरतात आणि दोष लिपिडाच्या माथी येतो.

कणांचा आकार डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजणाऱ्या यंत्रावर) बघायला नमुना बाहेरगावी न्यावा लागला, तर साध्या बर्फात न्या, गोठवू नका. ७० ते १०० नॅनोमीटर आणि पीडीआय (आकारातली असमानता) ०.२ च्या खाली असला की पुरे. आरएनए किती आत गेला हे रायबोग्रीन या आरएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने मोजायचं, कण फोडणारं ट्रायटन घालून आणि न घालता. ट्रायटनच्या नमुन्यांसाठी प्रमाण वक्रातही (माहीत असलेल्या आरएनएच्या नमुन्यांतही) ट्रायटन हवंच. हे विसरलं की आकडा भलताच येतो. ९० टक्क्यांच्या आसपास हवा.

आता कॅस-९. त्याचा एमआरएनए सुमारे ४,५०० न्यूक्लिओटाइडांचा, गाइड १०० चा. वजनाने १:१ घेतले तरी एका एमआरएनएमागे पंचेचाळीसेक गाइड पडतात. गाइडची दोन्ही टोकं रासायनिक बदल केलेली हवीत. नाहीतर कॅस-९ तयार होईपर्यंत गाइड तुटून जातो.

२४ विवरांच्या प्लेटमध्ये विवराला एक लाख हेपजी२ (यकृताच्या) पेशी आणि १०० ते ५०० नॅनोग्रॅम आरएनए, इथून सुरुवात करा. लिपोफेक्टामिन या तयार अभिकर्मकाच्या सवयीने सीरम काढू नका! एमसी३चे कण सीरममधलं एपोई प्रथिन अंगावर घेऊन पेशीवरच्या एलडीएल रिसेप्टरवाटे आत शिरतात. सीरमविरहित माध्यमच लागत असेल तर मिलीला १ मायक्रोग्रॅम एपोई घाला. आत शिरल्यावरही बहुतेक माल एंडोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पिशव्यांतच, अडकतो, म्हणून रंग लावलेले कण आत गेल्याची चमक दिसली तरी संपादन झालं असं धरू नका. ७२ तासांनी डीएनए काढून कापाच्या जागेभोवती पीसीआर करा आणि सँगर क्रमवाचन करून घ्या.

उरलेले कण ठेवायचे तर ट्रिस बफर, ८ ते १० टक्के सुक्रोज आणि उणे ८०. पीबीएसमध्ये गोठवलं की पीएच सरकतो आणि कण एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा फ्रीझर उघडून बघायचा मोह टाळा. एकदा वितळलेली बॅच पुन्हा गोठवू नका, वापरण्याआधी डीएलएसवर तपासा.