तुम्ही विचारलंत म्हणून: दरवर्षी त्याच चॅपलला कशाला?

जून जवळ आला की कुणी ना कुणी विचारतंच. कॅराव्हॅन दाराशी आहे तर फ्रान्सला जा, वेल्सला जा. इंग्लंडातून निघून स्कॉटलंडचं टोक गाठायचं, गिल्स बेला बोटीत चढायचं, ऑर्क्नी बेटांवर उतरायचं, ते एका पत्र्याच्या चॅपलसाठी, छोट्याशा चर्चसाठी? सासूबाईंनी तर विचारलं, ‘‘तिकडे काही नवस बोलली आहेस का?’’ नाही बोलले. आजवर मी हसून विषय बदलत आले. या वेळी नीट सांगते.

पत्र्याचं आहे, हे खरंच. १४ ऑक्टोबर १९३९ला जर्मन पाणबुडीने स्कापा फ्लोमध्ये, म्हणजे ऑर्क्नीतल्या ब्रिटिश नौदलाच्या तळावर, शिरून ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवली, ८००हून जास्त माणसं गेली. मग बेटांमधल्या त्या समुद्रवाटा बंद करायला बांध घालायचे ठरले आणि कामाला उत्तर आफ्रिकेत पकडलेले इटालियन कैदी आणले. लॅम्ब होम बेटावरच्या छावणीतल्या कैद्यांनी दोन अर्धगोल बराकी टोकाला टोक जोडून हे चॅपल केलं. दिव्यांसाठी बीफचे रिकामे डबे, बाप्तिस्म्याच्या कुंडाला गाडीच्या एक्झॉस्टचा सांगाडा आणि वरून सिमेंट. पालुंबी नावाच्या लोहाराने आतली लोखंडी जाळी घडवली. रंगकाम डोमेनिको क्योकेत्तीचं. बाकीचे कैदी १९४४मध्ये गेले, तो मात्र कुंड पुरं करायला मागे राहिला. पुढे समुद्राच्या हवेने सगळं खराब व्हायला लागलं, तेव्हा लोकांनी समिती केली आणि १९६०मध्ये क्योकेत्तीलाच इटलीहून बोलावलं. तो आला, तीन आठवडे राहिला, स्वतःचं काम स्वतःच्या हाताने दुरुस्त करून गेला.

हे सगळं मला पहिल्या खेपेलाच पाठ होतं. बाबांना दाखवायचं म्हणूनच तर नेलं होतं. बाबा पेंटर. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, लग्नाच्या मांडवातली नावं, सगळं त्यांच्या हातचं. गावातल्या महादेवाच्या देवळालाही त्यांनीच रंग दिला होता. खांबांवरची वेलबुट्टी, गाभाऱ्याच्या चौकटीखालचं कीर्तिमुख; लाल, पिवळा, मोरपंखी ऑइलपेंट, तीन-तीन हात. मजुरी घेतली नाही. आई सांगायची, महिनाभर घरात टर्पेंटाइनचा वास होता.

त्या दिवशी वारा इतका होता की बांधावरून जाताना कॅराव्हॅन हेलकावत होती. चॅपलमध्ये शिरलो आणि बाबा दारातच थबकले. आत सपाट पुठ्ठ्यासारखे बोर्ड ठोकून भिंती केल्यात आणि त्यांच्यावर विटा रंगवल्यात, खाली कोरीव दगड रंगवलाय. प्रत्येक विटेला उजेडाची एक कड, सावलीची एक कड. दोन पावलांवरूनही कळत नाही. बाबा भिंतीजवळ गेले आणि त्यांनी अंगठा त्या कोरीव कडेवरून फिरवला. पाटी वाळली की नाही ते बघायला ते असाच अंगठा फिरवायचे.

‘‘बाबा! हात लावू नका! किती वेळा सांगायचं?’’

मी एकदाही सांगितलं नव्हतं. आवाज त्या लहानशा जागेत केवढा तरी घुमला. सात-आठ माणसं वळली. कुणाला मराठी कळत नव्हतं, पण कळायचं ते कळलं. बाबांनी हात काढून कोटाच्या खिशात घातला. म्हणाले, ‘‘रंगच आहे. मला वाटलं कोरलंय.’’ आणि बाहेर गेले. पुढे मदर मेरीची तसबीर, जाळी, दिवे, काहीच त्यांनी पाहिलं नाही.

कॅराव्हॅनमध्ये आल्यावर त्यांनी चहा ठेवला होता. मी क्योकेत्तीची गोष्ट सांगितली, मुद्दाम जास्त उत्साहाने. त्यांनी ऐकली. म्हणाले, ‘‘त्यालाच बोलावलं?’’ मी हो म्हणाले. थोड्या वेळाने, ‘‘तुझी सही होती ना त्या अर्जावर?’’

होती. आमच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला तेव्हा ‘मूळ दगड मोकळा करा’ म्हणून गावच्या समितीला जो अर्ज गेला, त्यावर मी इथून सही पाठवली होती. वर चार ओळी लिहिल्याही होत्या, ‘भडक रंगांनी वारसा विद्रूप झाला आहे’ अशा. बाबांना मी बोलले नव्हते. रंग खरवडला तेव्हा त्यांनाही कुणी बोलावलं नाही.

माझं चुकलं नव्हतं, हे मला अजूनही म्हणायचंय. काळ्या दगडावर ऑइलपेंट बसला की आतली ओल अडकते, पापुद्रे सुटतात, कोरीवकामाच्या कडा बुजतात. आज ते कीर्तिमुख डोळे-दात स्पष्ट दिसतील असं आहे, मी जाऊन पाहिलंय. दगड शेकडो वर्षांचा, रंग तीसेक वर्षांचा. तेव्हाची मी हेच म्हणाले असते आणि आजची मीही म्हणते. पण क्योकेत्तीचाही रंगच होता, तोही कामचलाऊ बोर्डावरचा. तो जपावा आणि बाबांचा खरवडावा, यातला फरक मला दगडाच्या भाषेत सांगता येतो. कॅराव्हॅनमध्ये समोर बसलेल्या बाबांना मला तो सांगता आला नाही. मी ‘हो’ एवढंच म्हणाले. त्यांनी कप विसळले.

ते आता नाहीत. मी दरवर्षी जाते, त्या भिंतीपाशी उभी राहते. अजून हात लावलेला नाही.

तो अर्ज पुन्हा आला तर सही करशील का, असं नवऱ्याने गेल्या खेपेला परतीच्या बोटीत विचारलं. करेन म्हणाले, पण आधी बाबांना फोन करेन. म्हटलं आणि लगेच वाटलं, फोन केला असता तरी त्यांच्यासाठी ते खरवडणंच होतं.