मीटर बरोबर निघालं, तिथंच शंका आली

"मिस्त्री, मीटर तपासा आणि बरोबर आहे असं लेटरहेडवर लिहून द्या," गाडीतून उतरता उतरताच मालक म्हणाला. बोलेरो होती, एबीएस ब्रेक यायच्या आधीची. ड्रायव्हर काका पन्नाशीच्या पुढचे. या मालकाच्या वडिलांच्या वेळेपासून ते त्यांच्याच गाडीवर आहेत. ते उतरले, पण दुकानात आले नाहीत, बोनेटपाशीच थांबले.

नारायणगावात मी गाड्यांची मीटर दुरुस्त करतो. स्पीडोमीटर, इंधनाचा काटा, सेन्सर, वायरिंग असली कामं. मीटर बिघडलंय म्हणून लोक येतात. बरोबर आहे असं लिहून मागायला सहसा कुणी येत नाही, म्हणून मी कारण विचारलं.

गाडी एका कार्यालयाला महिन्याच्या ठेक्यावर लावलेली. ठरलेल्या किलोमीटरपर्यंत ठरावीक पैसे, त्यापुढं किलोमीटरमागं दर. लॉगबुकात रोजचं सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग, त्यावर साहेबांची सही. मालक हिशेबाला पक्का. दर वेळी टाकी फुल करून अ‍ॅव्हरेज काढायचा. पूर्वी गाडी १४ द्यायची, आणि गेले काही महिने १३ वर आली होती. महिन्याला २४०० किलोमीटर म्हणजे साधारण १३ लिटर डिझेल जास्त लागत होतं. डिझेल फिल्टर, इंजेक्टर, ब्रेक चिकटतात का, सगळं गॅरेजला पाहून झालं होतं आणि काहीच निघालं नव्हतं. आता उरला होता तो माणूस. मालकानं तोंडानं चोर हा शब्द काढला नाही, पण स्टँडवर तो पोहोचला होता. काकांच्या उभं राहण्यातच ते कळत होतं.

"मीटर बरोबर असेल तर मग डिझेल जातं कुठं?" मालक म्हणाला. त्याला ते माझ्या सहीनं हवं होतं.

मी क्लस्टर, म्हणजे डॅशबोर्डवरचा मीटरचा अख्खा संच, काढून टेबलावर घेतलं. सिग्नल जनरेटरवरून ठरलेल्या वेगाचे पल्स, म्हणजे विजेचे ठोके, दिले की मीटरनं तेवढाच आकडा दाखवला पाहिजे. मीटरनं दाखवला. गिअरबॉक्सवरचा सेन्सर पाहिला, त्याचा सॉकेट साफ होता, पल्स एकसारखे येत होते. मीटरमध्ये दोष नव्हता. मालक म्हणाला, "मग द्या लिहून."

मी म्हटलं, रस्त्यावर बघितल्याशिवाय मी लिहून देत नाही. टेबलावरचं मीटर म्हणजे अर्धंच मीटर. उरलेलं अर्धं खाली, चाकात असतं.

आळेफाट्याच्या दिशेला निघालो. काका चालवत होते, मी शेजारी, मालक मागे मोबाइलवर जीपीएसचा वेग लावून. मी काकांना सांगितलं, सरळ पट्टा आला की एकाच वेगावर धरा, मी सांगेपर्यंत हलवू नका. वेग बदलता असला की मोबाइल थोडा मागे पडतो. अर्धा मिनिट एकसारखं चाललं तर त्याचा आकडा विश्वासाचा. मीटर ६० वर आलं. मागून आवाज आला, "साठ." मग ८० धरलं. "ऐंशी. बरोब्बर ऐंशी."

मालकाच्या दृष्टीनं तपास संपला होता. मला मात्र तिथंच खटकलं.

कारखान्यातून आलेलं स्पीडोमीटर असं बरोब्बर दाखवत नाही. ते थोडं जास्तच दाखवतं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांतला ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की मीटरवरचा वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी नसावा. जास्त असला तर किती, तर खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर इथपर्यंत. म्हणजे गाडी खरोखर ८० नं चालली असेल तर मीटरवर ८० ते ९२ मधलं काहीही चालेल, ७९ मात्र चालणार नाही. आपल्याकडे स्पीडोमीटरसाठी आयएस ११८२७ हे मानक आहे. टायर नवा-जुना असतो, हवा कमी-जास्त असते, सगळेच टायर मिलिमीटरला मिलिमीटर सारखे नसतात. या सगळ्यात कुठंही मीटर कमी दाखवू नये म्हणून कंपन्या आधीच वरच्या बाजूला जागा ठेवतात. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक गाड्या खऱ्या ८० ला मीटरवर ८३-८४ दाखवतात. लोकांना तो दोष वाटतो, पण ती सोय आहे. ती जागा या गाडीत कुणीतरी खाऊन टाकली होती.

ओडोमीटरला, म्हणजे किलोमीटर मोजणाऱ्या आकड्याला, अशी जागा दिलेली नसते. वेगाचा आकडा फुगवून दाखवता येतो, अंतराचा फुगवला तर वॉरंटीपासून भाड्यापर्यंत सगळ्यांचे हिशेब चुकतील. म्हणून मीटर वेग जास्त दाखवत असलं तरी किलोमीटर जवळपास खरे मोजतं. त्यामुळे जीपीएसशी वेग जुळतोय म्हणून किलोमीटरही बरोबर असणार, असं धरून चालता येत नाही. वेग जर बरोब्बर जुळत असेल, तर किलोमीटर कमी पडत असण्याची शक्यता मोठी.

ट्रिप मीटर शून्य केलं, मोबाइलवरही अंतर मोजायला लावलं. आळेफाट्याच्या अलीकडून वळलो आणि परत येताना मीटरवर २४ पडले तिथं गाडी कडेला घ्यायला लावली. मोबाइलवर २५ ला काही मीटर कमी होते. मालक म्हणाला, "मोबाइल चुकत असेल." मी म्हटलं, असेल. चला, मोबाइल न वापरता बघू.

दुकानाशी आल्यावर मी मागच्या दाराकडं गेलो. तिथं स्टेपनी लटकलेली, कंपनीतून आलेली, कधी न वापरलेली. तिच्यावर आकडा होता २१५/७५ आर १५. मग खाली वाकून गाडीच्या चाकावरचा आकडा वाचला: २३५/७५ आर १५. चारी चाकांना तोच.

"टायर कधी बदलले?" मालकानं सांगितलं तो महिना आणि अ‍ॅव्हरेज पडलं तो महिना एकच होता. दुकानदारानं सांगितलं होतं, रिम तीच राहते, बसतात व्यवस्थित, गाडी भरलेली दिसते. बसतात हे खरं आहे. पुष्कळ लोक लावतातही.

टायरवरचा हा आकडा वाचायला अवघड नाही. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास इंचात. २१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१ मिलिमीटरची भिंत, ती वर एकदा आणि खाली एकदा, मध्ये १५ इंची रिम म्हणजे ३८१. एकूण उंची साधारण ७०३ मिलिमीटर. २३५ चा टायर घेतला की तोच ७५ टक्का मोठ्या रुंदीवर लागतो, भिंत १७६ ची होते आणि उंची ७३३ वर जाते. रिम तीच, पण चाक ३ सेंटीमीटरनं उंच. इथंच बहुतेकांची फसगत होते. ते रुंदी वाढवतात आणि उंचीही वाढलीय हे त्यांना कुणी सांगत नाही. नीट केलं तर रिम मोठी करूनही उंची राखता येते. स्विफ्टमध्ये एका मॉडेलला १६५/८० आर १४ येतो, दुसऱ्याला १८५/६५ आर १५. रिम इंचानं मोठी, तरी दोन्ही चाकांच्या उंचीत २ मिलिमीटरचाच फरक, कारण भिंत बारीक केलेली आहे.

मला आकडेमोड पुरेशी होती, मालकाला नव्हती, आणि नसावीच. ज्याच्या हिशेबावर दुसऱ्याची भाकरी जाणार त्यानं डोळ्यांनीच बघावं. मी काकांना बोलावलं, जॅक लावून एक चाक काढायला सांगितलं, स्टेपनी उतरवली, दोन्ही शेजारी उभी केली. शिंप्याची टेप घेऊन दोन्हींच्या भोवती फिरवली आणि टेप मालकाच्या हातात दिली. एकीचा घेर २२१ सेंटीमीटर, दुसरीचा २३० च्या थोडा वर. त्यानं पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

मीटर किलोमीटर बघत नाही. गिअरबॉक्सवरचा सेन्सर शाफ्टचे फेरे मोजतो आणि मीटरला कारखान्यात सांगून ठेवलेलं असतं की इतक्या फेऱ्यांचा एक किलोमीटर. १९०२ साली स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झेनं चुंबक आणि धातूच्या वाटीवर चालणाऱ्या स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं, त्यातही चाकाबरोबर फिरणाऱ्या तारेचे फेरेच होते. आता सेन्सर आला, चिप आली, पण मोजणं फेऱ्यांचंच. या मीटरच्या लेखी चाक अजून २१५ चंच होतं. प्रत्येक फेऱ्याला ९ सेंटीमीटर हिशेबाबाहेर पडत होते, आणि एका किलोमीटरला चाक साडेचारशेच्या आसपास फिरतं. किलोमीटरमागं ४२ मीटर. म्हणून मीटरवर २४ पडेपर्यंत गाडी २५ धावत होती.

मालक खाली बसला आणि त्यानं स्वतःच हिशेब मांडला. लॉगबुकात २४००, खरे २५००. डिझेल तेवढंच, साधारण १८५ लिटर. म्हणजे खरं अ‍ॅव्हरेज साडेतेरा. ज्या १३ लिटरचा संशय होता त्यातले ७ लिटर फक्त कागदावर होते, धावलेल्या किलोमीटरचे, जे मीटरनं लिहिलेच नाहीत. उरलेले ६ खरोखर जास्त लागत होते. रुंद, जड टायर फिरवायला जास्त ताकद लागते, त्यात विशेष काही नाही.

तेव्हा काका पहिल्यांदा बोलले. "मालक, मी म्हणलो होतो ना, गाडी जड झालीय. माळशेजच्या चढाला पूर्वी चौथ्यात जायची, आता तिसरा घ्यावा लागतो." मालकाला ते आठवत होतं. त्याला ती सबब वाटली होती, आणि ते नेमकं निदान होतं. चाक मोठं झालं की सगळे गिअर ४ टक्क्यांनी लांब झाल्यासारखे होतात, इंजिनला चढावर तेवढा जोर कमी पडतो. गाडीतलं कुठलंही यंत्र हे सांगत नव्हतं. रोज क्लचवर पाय असलेला माणूस सांगत होता. अ‍ॅव्हरेज पडल्याची तक्रार आली की मी आता सगळ्यात आधी चालवणाऱ्याला विचारतो, गाडी कशी वाटते म्हणून. या दिवसानं माझी ती पद्धत पक्की केली.

मग मालकाच्या लक्षात दुसरी बाजू आली. महिन्याला १०० किलोमीटर गाडी धावली आणि त्यांचं बिलच गेलं नाही. ठरलेल्या किलोमीटरच्या पुढचे, म्हणजे दर लागणारेच. सह्या झालेल्या लॉगबुकांचे पैसे आता मागता येणार नव्हते. आकडा त्यानं बोटांवर काढला, मोठ्यानं म्हटला नाही. सर्व्हिससुद्धा त्याच मीटरवर चाललेली. दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलतोय असं त्याला वाटत होतं तेव्हा इंजिन चारशे किलोमीटर जास्त चाललेलं होतं.

"मीटरमध्ये आकडा वाढवून देता येईल का?" त्यानं विचारलं. ओडोमीटरच्या आकड्याला मी हात लावत नाही, मागे नाही आणि पुढेही नाही. तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं. खरा उपाय एकच, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर लिहिलेल्या मापाचे टायर. निदान एकूण उंचीत फार फरक पडणार नाही असे. आमच्या धंद्यात ३ टक्क्यांच्या पुढं जाऊ नये असं धरतात. आहेत तेच टायर झिजवायचे असतील तर तोवर हिशेबात २४ चे २५ धरायचे, आणि तेही कायमचं नाही. नव्या टायरची ८ मिलिमीटरची नक्षी झिजून २ वर आली की चाक सव्वा सेंटीमीटरनं बुटकं होतं आणि ४ टक्क्यांचा फरक अडीचवर येतो. मधूनमधून टेप लावावी लागेल.

मालक उठला, काकांजवळ गेला. काय बोलला ते मी ऐकलं नाही, मी चाक चढवत होतो. परत आला तेव्हा त्यानं लेटरहेडचीच आठवण केली, फक्त मजकूर वेगळा सांगितला. मी लिहिलं: मीटर निर्दोष, टायर मूळ मापाचे नाहीत, त्यामुळे नोंदलेलं अंतर सुमारे ४ टक्के कमी, डिझेलच्या वाढीव खर्चाचं कारण तेच. खाली दोन्ही टायरची मापं आणि घेर.

"दोन प्रती करा," काका म्हणाले. "एक स्टँडवर दाखवायची आहे."

मी दोन प्रती केल्या, दोन्हींवर शिक्का मारला. मालकानं तिथूनच टायरच्या दुकानाला फोन लावला आणि २१५ चे चार टायर घेतले तर हे किती धरून परत घ्याल म्हणून विचारायला सुरुवात केली.